विस्मरणाचा बाजार आणि विदूषकाची वही

विदूषक आपल्या परंपरेला नवखा नाही. संस्कृत नाटकांत तो राजाच्या शेजारी बसतो, मोदकांवर ताव मारतो आणि इतर कोणी उच्चारू धजणार नाही असे एखादे वाक्य सहज बोलून जातो. तमाशातला सोंगाड्याही पाटलाची, सावकाराची आणि वेळप्रसंगी कोतवालाची टोपी उडवतो. तथापि विदूषकाकडे कोणी खजिन्याच्या किल्ल्या दिल्याचे ऐकिवात नाही. हिशेब पाहायला अमात्य असतो, फिर्याद ऐकायला न्यायाधीश असतो. ज्या दिवशी अमात्य मुका होतो आणि खजिन्याचा हिशेब विदूषकाला मागावा लागतो, त्या दिवशी विदूषकाचे कौतुक अवश्य करावे. परंतु त्याआधी अमात्याला जाब विचारावा. आमचा हा लेख त्या जाबासाठी आहे.

अशी वेळ अमेरिकेत २००९ च्या मार्च महिन्यात आली. जॉन स्टुअर्ट नावाच्या एका विनोदी नटाने जिम क्रेमर नावाच्या एका अर्थपंडिताला आपल्या कार्यक्रमात समोर बसवून, आर्थिक पत्रकारांनी विचारायला हवे होते ते प्रश्न विचारले. त्या मुलाखतीवर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. कोणी म्हणाले, विदूषकाने आपली पायरी ओलांडली. कोणी म्हणाले, आता विदूषक हाच खरा पत्रकार. आम्हांला ही दोन्ही मते चुकीची वाटतात, आणि दोन्ही मतांचे वारसदार आज आपल्या घराघरांत वावरत असल्यामुळे इतक्या वर्षांनंतरही त्यांचा समाचार घेणे आम्ही आवश्यक समजतो.

प्रथम पार्श्वभूमी. अमेरिकेत वृद्धापकाळाची तरतूद म्हणून मालकाने दरमहा ठरावीक निवृत्तिवेतन देण्याची जुनी पद्धत १९८० नंतर हळूहळू मागे पडली आणि कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा ‘४०१-के’ नावाच्या खात्यामार्फत बाजारात गुंतवण्याची पद्धत रूढ झाली. परिणामी शाळेतली शिक्षिका, बसचालक, रुग्णालयातील परिचारिका असे सारेच नकळत शेअर बाजाराचे भागीदार बनले. दुसरीकडे, परतफेडीची ऐपत न तपासता गृहकर्जे वाटली गेली, त्या कर्जांची गाठोडी बांधून रोखे म्हणून जगभर विकली गेली आणि पतमापन संस्थांनी त्यांतील कित्येक गाठोड्यांवर सर्वोत्तम दर्जाचा शिक्का मारला. हा डोलारा २००७ मध्ये डळमळू लागला. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही बलाढ्य संस्था दिवाळखोरीत गेली. ९ ऑक्टोबर २००७ रोजी १४,१६४ वर असलेला डाऊ जोन्स निर्देशांक ९ मार्च २००९ रोजी ६,५४७ वर येऊन ठेपला. निर्देशांक निम्म्याहून अधिक घसरला, याचा सामान्य माणसाच्या भाषेत अर्थ असा की, ज्यांची निवृत्ती दोन-चार वर्षांवर आली होती त्यांच्या आयुष्यभराच्या बचतीला भगदाड पडले.

हे सर्व घडत असताना चोवीस तास केवळ पैशाविषयी बोलणारी एक वाहिनी तेथे होती. तिचे नाव सीएनबीसी. बाजाराची वित्तंबातमी देणे हेच तिचे कार्य. २००५ पासून तिच्यावर क्रेमर यांचा ‘मॅड मनी’ हा कार्यक्रम चाले. स्वतः हेज फंड चालवून श्रीमंत झालेला हा गृहस्थ बाह्या सरसावून ओरडे, टेबलावरील बटणे दाबून चित्रविचित्र आवाज काढी, वस्तू फेकी आणि त्या गदारोळात कोणता समभाग घ्यावा, कोणता विकावा हे सांगे. याउलट ‘द डेली शो’ या विनोदी कार्यक्रमाचा सूत्रधार स्टुअर्ट कोट-टाय घालून, बातम्या देणाऱ्याच्या मेजासारख्या मेजामागे नीटनेटका बसे. पंडिताने विदूषकाचे सोंग घेतले होते आणि विदूषकाने पंडिताचे. फरक इतकाच की आपण सोंग घेतले आहे, हे विदूषक रोज रात्री सांगत असे.

ठिणगी पडली ती १९ फेब्रुवारी २००९ रोजी. घरांचे हप्ते थकलेल्या कुटुंबांना साहाय्य करण्यासाठी ओबामा सरकारने आदल्याच दिवशी ७५ अब्ज डॉलरांची योजना जाहीर केली होती. सीएनबीसीचा वार्ताहर रिक सॅन्टेली शिकागोच्या बाजाराच्या मजल्यावर उभा राहून त्या योजनेवर तुटून पडला. शेजाऱ्याचे कर्ज तुम्ही फेडणार काय, असा सवाल त्याने भोवतालच्या व्यापाऱ्यांना केला, आणि त्या व्यापाऱ्यांनी आरडाओरडा करून त्याला साथ दिली. कर्जबाजारी माणसाला हरलेला ठरवून त्याची अशी जाहीर संभावना करण्यात आली. हा सॅन्टेली पुढे स्टुअर्टच्या कार्यक्रमात येणार होता, पण आला नाही. तेव्हा ४ मार्च रोजी स्टुअर्टने त्याच्या वाहिनीचाच हिशेब मांडला.

हा हिशेब कसा मांडला गेला याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. स्टुअर्टने कोणतेही गुपित फोडले नाही, कोणाच्या कपाटातून कागद चोरले नाहीत. त्याच्या सहकाऱ्यांनी वाहिनीच्या जुन्या चित्रफिती बाहेर काढल्या. पडद्यावर प्रथम पंडिताचे भाकीत दिसे; त्यानंतर काळ्या पाटीवर दोन ओळी उमटत आणि प्रत्यक्षात काय घडले ते सांगत. बस्स, एवढेच. पुन्हा भाकीत, पुन्हा पाटी. ॲलन स्टॅनफर्ड या धनाढ्याची मुलाखत घेताना अब्जाधीश असण्यात मौज वाटते का, अशा अर्थाचा प्रश्न वाहिनीने विचारला होता, तोही दाखवण्यात आला. हा तोच स्टॅनफर्ड, जो २००८ साली हेलिकॉप्टरने लॉर्ड्सच्या मैदानावर उतरला आणि ज्याने २ कोटी डॉलरांचा क्रिकेट सामना भरवला. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने त्याच्यावर सुमारे ८ अब्ज डॉलरांच्या फसवणुकीचा आरोप ठेवला आणि २०१२ साली त्याला ११० वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. ज्या माणसाला पैसा कोठून येतो हे विचारायचे, त्याला पैशाने मौज येते का हे विचारले गेले. आर्थिक पत्रकारितेच्या अधःपाताचे याहून नेमके उदाहरण आम्हांला तरी देता येणार नाही.

क्रेमर यांचेही एक भाकीत त्यात होते. ११ मार्च २००८ रोजी एका प्रेक्षकाने बेअर स्टर्न्स या संस्थेविषयी चिंता व्यक्त केली असता, काळजीचे कारण नाही, पैसे काढू नका, असे क्रेमर यांनी गर्जून सांगितले. तेव्हा त्या संस्थेच्या समभागाचा भाव साठ डॉलरांच्या वर होता. पाचच दिवसांनी, १६ मार्च रोजी, ती संस्था समभागामागे २ डॉलर या भावाने विकत घेण्याचा करार जे. पी. मॉर्गनने केला. पुढे तो भाव १० डॉलरांपर्यंत वाढवण्यात आला, एवढाच काय तो दिलासा.

येथे क्रेमर यांची बाजूही मांडली पाहिजे. कारण प्रतिपक्षाचे म्हणणे दडवून केलेली टीका ही निंदा होते. त्यांचे म्हणणे असे की, प्रश्न त्या संस्थेत ठेवलेल्या पैशाविषयी होता, तिच्या समभागाविषयी नव्हता, आणि खात्यांतील पैसा खरोखरच सुरक्षित राहिला. शिवाय ऑगस्ट २००७ मध्ये, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला परिस्थितीचे गांभीर्य कळलेले नाही, असा आक्रोश त्यांनी त्याच वाहिनीवर केला होता. ऑक्टोबर २००८ मध्ये, पुढील पाच वर्षांत लागणारा पैसा बाजारातून काढून घ्या, असेही त्यांनी सांगितले होते. हे सर्व खरे आहे. परंतु याने दोष हलका होतो की जड? ज्याला काहीच कळत नव्हते त्याला क्षमा करता येईल. ज्याला धोका दिसत होता, त्याच्या कार्यक्रमात मात्र धोक्याची घंटा, खरेदीचा भोंगा आणि हास्याचा गडगडाट हे सारे एकाच पट्टीत वाजत राहिले. रोज सर्व दिशांना बाण सोडणाऱ्याचा एखादा बाण नेमका लागतोच; तेवढ्यावरून त्याला धनुर्धर म्हणता येत नाही. आणि जेव्हा त्याचे बाण पाहणाऱ्यांच्याच अंगावर पडतात, तेव्हा संदर्भ सोडून बोलू नका, हा बचाव तोकडा पडतो.

१२ मार्च २००९ रोजी दोघे समोरासमोर आले. स्टुअर्टने त्या रात्री फारसे विनोद केले नाहीत. त्याने २००६ सालची एक चित्रफीत लावली. हेज फंडवाले समभागाचा भाव पाडण्यासाठी बाजारात कशी हूल उठवू शकतात, याचे वर्णन खुद्द क्रेमरच तीत करत होते. आपण ते नीट शब्दांत मांडले नव्हते, असे त्यांनी उत्तर दिले. कंपन्यांचे प्रमुख आपल्याशी खोटे बोलले, असेही ते म्हणाले. यावर स्टुअर्टने मांडलेला मुद्दा मर्मभेदी होता. बाजार दोन आहेत, असा त्याचा आशय. एक सर्वसामान्यांना दाखवण्याचा. त्यात पैसा ठेवा, धीर धरा, म्हातारपणी फळ मिळेल असे सांगितले जाते. दुसरा पडद्यामागचा, झटपट उलाढालींचा. त्यात जुगार चालतो आणि त्याला भांडवल मात्र पहिल्या बाजारातील भोळ्या माणसाच्या बचतीचे लागते. तुम्हांला दुसरा बाजार ठाऊक होता, तरी तुम्ही पहिल्याचीच जाहिरात केलीत, हा त्याचा आरोप होता. क्रेमर यांनी त्याचे ठाम खंडन केले नाही. आपण याहून चांगले काम करू शकलो असतो, एवढे मान्य केले.

सीएनबीसीने क्रेमर यांची जी जाहिरात केली होती, तीही स्टुअर्टने पुढे केली. अमेरिकेच्या नाण्यांवर आणि नोटांवर ‘आमचा देवावर विश्वास आहे’ या अर्थाचे ब्रीद असते. वाहिनीने देवाच्या जागी क्रेमर यांचे नाव घालून जाहिरात केली. आम्ही धर्मगुरू असल्यामुळे हा विनोद आम्हांला झोंबला असेल, असे कोणी म्हणेल. तसे नव्हे. देवाचे नाव नाण्यावरून उतरवून तेथे एका दलाली जाणणाऱ्या माणसाचे नाव चढवले, हे एका परीने प्रामाणिकच झाले. भक्ती कोणाची चालली आहे ते तरी उघड झाले. आमचा आक्षेप निराळा आहे. विश्वास ठेवा असे जो म्हणतो त्याने, आपण विश्वासाला पात्र आहोत की नाही हे तपासण्याचे साधनही ऐकणाऱ्याच्या हाती दिले पाहिजे. वाहिनीने विश्वास मागितला आणि ते साधन मात्र कपाटात ठेवले. त्या कपाटाची किल्ली विदूषकाला सापडली.

म्हणून आमचे प्रतिपादन असे की, स्टुअर्टचे शस्त्र विनोद नव्हते. त्याचे शस्त्र स्मरण होते. अर्थपंडिताचा सारा व्यवसाय विस्मरणावर चालतो. आज सकाळचे भाकीत उद्या सकाळपर्यंत विसरले जावे, ही त्याच्या धंद्याची पहिली अट. कालचे वाक्य आजच्या शेजारी ठेवले की त्याचे दुकान बंद पडते. म्हणूनच पडद्यावर आकड्यांची पट्टी अखंड धावत असते, घंटा वाजत असतात, कोणालाही थांबून मागे वळून पाहायला उसंत मिळत नाही. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात उधारीची वही असते. ती वही आहे म्हणूनच दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही शुद्धीवर असतात. अर्थवाहिनी हे असे दुकान आहे की जेथे शब्दांची उधारी कोणी लिहूनच ठेवत नाही. विदूषकाने ती लिहिली, आणि बाकी किती थकली आहे ते वाचून दाखवले. लोक हसले, कारण वही खरी होती.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. काही प्रतिष्ठित मंडळींनी नाके मुरडली. विनोदी नटाला अर्थशास्त्रातले काय कळते? सोयीचे तुकडे निवडून कोणाचीही फजिती करता येते, असे ते म्हणाले. या मंडळींना आम्ही इतकेच विचारू की, ते तुकडे जोडण्यासाठी अर्थशास्त्र कशाला लागत होते? तारीख वाचता येणे आणि दोन वाक्यांतली विसंगती ओळखणे एवढेच पुरे होते. हे काम वाहिनीतला एखादा कनिष्ठ उपसंपादकही दुपारच्या जेवणाआधी करू शकला असता. त्याने ते केले नाही, कारण ते करणे त्याच्या वाहिनीच्या हिताचे नव्हते. ज्या कंपन्यांच्या प्रमुखांना उद्या मुलाखतीला बोलवायचे, ज्यांच्या जाहिरातींवर पगार होतात, त्यांना अडचणीचा प्रश्न कोण विचारणार? तेव्हा विदूषकाची पात्रता काढण्यापूर्वी पात्र मंडळींनी आपण त्या काळात काय करत होतो ते सांगावे.

हसवणाऱ्याने गंभीर काम करू नये, हा नियम मराठी वाचकाला तर मुळीच पटणार नाही. आचार्य अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’ लिहिली, हास्याचे मळे पिकवले आणि १९५६ साली ‘मराठा’ दैनिक काढून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची तोफही डागली. त्याही आधी, १८९८ साली शि. म. परांजपे यांनी पुण्यात ‘काळ’ साप्ताहिक काढले आणि वक्रोक्ती व उपरोध यांना एवढी धार लावली की १९०८ मध्ये इंग्रज सरकारने राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना तुरुंगात धाडले. परांजपे यांना वाकडे बोलावे लागले, कारण सरळ बोलणे गुन्हा होता. येथेच अमेरिकेचे प्रकरण अधिक लाजिरवाणे ठरते. तेथे सरळ बोलण्यावर कोणतीही बंदी नव्हती. कोणताही मॅजिस्ट्रेट दारात उभा नव्हता. वृत्तपत्रस्वातंत्र्याला राज्यघटनेचे संरक्षण होते. तरीही सरळ प्रश्न सरळ माणसांनी विचारला नाही आणि तो उपरोधाच्या दारातून आत आणावा लागला. गुलामीत उपरोध हे शौर्य असते. स्वातंत्र्यात जेव्हा उपरोधावाचून सत्य बाहेर येत नाही, तेव्हा सत्य सांगणाऱ्यांनी आपले स्वातंत्र्य गहाण टाकले आहे, असे समजावे.

दुसरे मत याच्या उलट टोकाचे, आणि आमच्या दृष्टीने अधिक घातक आहे. कारण ते गोड आहे. पत्रकार विकले गेले, आता विदूषक हेच आमचे पत्रकार, असे मानणारा वर्ग मोठा आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २००७ साली, तुम्हांला सर्वाधिक आदरणीय वाटणारा पत्रकार कोण, असे लोकांना विचारले, तेव्हा स्टुअर्टचे नाव नामवंत वृत्तनिवेदकांच्या बरोबरीने चौथ्या क्रमांकावर आले. हे विदूषकाचे यश खरेच. पण एखाद्या गावात वैद्यापेक्षा गारुड्यावर लोकांचा विश्वास अधिक बसला, तर आपण गारुड्याचे अभिनंदन करून थांबतो काय?

विदूषकाजवळ एक पळवाटही असते आणि स्टुअर्टने ती वापरली आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये तो सीएनएनच्या ‘क्रॉसफायर’ या वादविवादाच्या कार्यक्रमात गेला आणि तुम्ही देशाचे नुकसान करत आहात, असे त्याने तेथील सूत्रधारांना तोंडावर सुनावले. तेव्हा सूत्रधार टकर कार्लसन याने उलट विचारले की, अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी तुमच्याकडे आले असता तुम्ही तरी कोणते कठीण प्रश्न विचारलेत? स्टुअर्टचे उत्तर असे की, माझ्या कार्यक्रमाआधी बाहुल्या खोडसाळ फोन करतात. माझ्याकडून पत्रकारितेची अपेक्षा कशी करता? उत्तर चटकदार होते, टाळ्या पडल्या. आम्हांला मात्र ते पटत नाही. एका हाताने न्यायदंड उचलायचा आणि कोणी हिशेब विचारला की दुसऱ्या हाताने घुंगरू वाजवायचे, हे चालणार नाही. जो इतरांचे जुने शब्द काढून दाखवतो, त्याने आपलेही शब्द त्याच वहीत लिहू दिले पाहिजेत. उंच जागेवरून बोलणाऱ्या प्रत्येकाला हा नियम लागू आहे. आम्हीही दर रविवारी अशाच एका उंच जागेवरून बोलतो, आणि खाली बसलेल्या माणसाला मध्येच उठून प्रश्न विचारता येत नाही, याची जाणीव आम्हांला आहे. म्हणूनच हा नियम आम्ही विदूषकालाही माफ करत नाही.

आणि विदूषकावाचून हे काम होतच नाही, हे तर धादांत असत्य आहे. मार्च २००१ मध्ये बेथनी मॅक्लीन या तरुण पत्रकार स्त्रीने ‘फॉर्च्यून’ नियतकालिकात एन्रॉन कंपनीविषयी लेख लिहिला. ही कंपनी नेमका पैसा मिळवते तरी कसा, असा तिचा साधा प्रश्न होता. सारे पंडित त्या कंपनीची आरती ओवाळत होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे हे नाव महाराष्ट्राला चांगलेच परिचित आहे. त्याहूनही जवळचे उदाहरण मुंबईचे. १९९१ च्या आरंभी हजाराच्या आसपास असलेला सेन्सेक्स मार्च १९९२ अखेरीस ४,००० वर गेला, हर्षद मेहता याला ‘बिग बुल’ म्हणून डोक्यावर घेण्यात आले, त्याच्या मोटारींची आणि घराची वर्णने छापून येऊ लागली. त्या जल्लोषात एप्रिल १९९२ मध्ये सुचेता दलाल यांनी ‘द टाइम्स ऑफ इंडिया’त स्टेट बँकेच्या रोख्यांचा घोटाळा उजेडात आणला. मॅक्लीन यांनी नक्कल केली नाही, दलाल यांनी बाहुल्या नाचवल्या नाहीत. पैसा कोठून आला, हा अर्थपत्रकारितेचा पहिला धडा त्यांनी गिरवला, आणि तेवढ्याने मोठमोठे मनोरे कोसळले.

आता हास्याविषयी. त्या मुलाखतीच्या अखेरीस स्टुअर्टने एक सौदा सुचवला : तुम्ही पुन्हा खऱ्याखुऱ्या वार्तांकनाकडे वळा, मी पुन्हा वेडेवाकडे आवाज आणि तोंडे काढू लागतो. क्रेमर यांनी तो मान्य केला. पुढे काय झाले? ‘मॅड मनी’ चालूच राहिला, बटणे वाजतच राहिली. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी क्रेमर यांनी सिलिकॉन व्हॅली बँकेच्या मूळ कंपनीचा समभाग अजून वर जाऊ शकेल असे सांगितले. १० मार्च २०२३ रोजी नियामकांनी त्या बँकेला टाळे ठोकले. चौदा वर्षांपूर्वी सारा देश खळखळून हसला होता, त्या हास्याने काय साधले? कोणाची बचत परत मिळाली नाही, कोणाची खुर्ची गेली नाही. खरे सांगायचे तर हास्यानेच प्रकरण मिटवले. पंडिताची फजिती झाली, प्रेक्षकाचे समाधान झाले, आणि न्याय झाल्यासारखे वाटून सारे निवांत झोपी गेले. आमच्या धर्मविधींच्या भाषेत बोलायचे तर पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त यांच्याशिवायच पापमोचन उरकले गेले. हास्य ही न्यायाची सुरुवात असू शकते. परंतु ज्याला ते न्यायाचा शेवट वाटते, त्याला पुढच्या खेपेस पुन्हा लुबाडणे सोपे जाते.

वाचकहो, हे सारे दूरदेशीचे आहे असे समजू नका. आपल्याकडेही १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नोकरीत आलेल्यांना, सैन्यदले वगळता, बाजाराशी निगडित निवृत्तिवेतन योजना लागू झाली. बँकेतील ठेवीचे व्याज पुरेना म्हणून निवृत्त शिक्षक समभागांकडे वळतो, आखातातून परतलेला कामगार आपली पुंजी फंडात टाकतो, वाडीचा तुकडा विकून आलेला पैसा कोठे ठेवावा हे मुलगा मोबाइलवरील एखाद्या तज्ज्ञाला विचारतो. हे तज्ज्ञ कसे असतात, याची दोन उदाहरणे सेबीच्या आदेशांत नोंदलेली आहेत. जानेवारी २०२१ मध्ये एका हिंदी अर्थवाहिनीच्या निवेदकावर सेबीने बाजारबंदी घातली. तो पडद्यावर ज्या समभागांची शिफारस करणार, ते आदल्या दिवशीच त्याच्या कुटुंबीयांच्या खात्यांत खरेदी होत आणि शिफारशीनंतर विकले जात, असा सेबीचा प्राथमिक निष्कर्ष होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या एका वाहिनीवरील पाहुण्या तज्ज्ञांविषयी आदेश निघाला. प्रसारणापूर्वी शिफारशी काही व्यापाऱ्यांना कळवल्या जात, असे त्यात म्हटले होते. ७ कोटी ४१ लाख रुपयांचा नफा जप्त करण्याचे निर्देश देण्यात आले. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्सच्या व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला, आणि एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेला. शंभरातील त्र्याण्णव! एवढे विद्यार्थी ज्या वर्गात नापास होतात त्या वर्गाची जाहिरात करणाऱ्या शिक्षकाला आपण आपल्या मुलाच्या उशाशी बसू देतो.

या दोन्ही प्रकरणांतही गुन्ह्याचा माग कशाने लागला, हे पाहण्यासारखे आहे. शिफारस कोणत्या वेळी झाली आणि खरेदी कोणत्या वेळी, या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून. म्हणजे पुन्हा वहीच. विदूषक असो, पत्रकार असो वा नियामक असो, खोट्याला पकडण्याचा मार्ग एकच आहे : कोण केव्हा काय बोलला, ते विसरायचे नाही.

तेव्हा आमचे मागणे तीन ठिकाणी आहे. संपादकांकडे आमचे मागणे असे की, ज्या पंडिताचा सल्ला तुम्ही छापता वा दाखवता, त्याचे मागील वर्षीचे सल्ले आणि त्यांचा निकाल त्याच पानावर, त्याच पडद्यावर द्या. क्रिकेटपटूची धावांची सरासरी दाखवल्याशिवाय तुम्ही त्याला खेळपट्टीवर जाऊ देत नाही. मग लोकांच्या म्हातारपणाच्या पैशाशी खेळणाऱ्याची सरासरी लपवण्याचे कारण काय? विदूषकांकडे मागणे असे की, तुम्ही हसवत राहा, वही लिहीत राहा. मात्र तुम्हांला कोणी जाब विचारला तर घुंगरामागे लपू नका. आणि सर्वांत मोठे मागणे आपल्या कुटुंबांकडे आहे. घरात दुधाचा, किराण्याचा हिशेब लिहिला जातो. त्याच वहीत आणखी एक पान उघडा. कोणत्या तारखेला, कोणी, कशात पैसा टाकायला सांगितले, तेव्हा भाव काय होता, सांगणाऱ्याला त्यातून काय मिळणार होते, हे लिहा. सहा महिन्यांनी, वर्षाने ते पान कुटुंबातील सर्वांसमक्ष वाचा. सल्ला देणारा आप्त असो, बँकेतला ओळखीचा अधिकारी असो वा पडद्यावरील कीर्तिवंत असो, त्याला त्या पानातून वगळू नका. या पानाने कोणी श्रीमंत होणार नाही. पण पुढच्या खेपेस घरात कोणी नवा सल्ला घेऊन आला, तर त्याला काय विचारायचे ते घरातल्या सर्वांना ठाऊक असेल, आणि ते विचारण्यासाठी कोणत्याही विदूषकाची वाट पाहावी लागणार नाही.